पुनर्गायन आणि वक्ता : ‘कॅलिफोर्निया सन’ची समीक्षा

मॉरिसी या इंग्लिश गायकाचा ‘कॅलिफोर्निया सन’ हा इतरांच्या १२ गीतांचा संग्रह मे २०१९ मध्ये प्रसिद्ध झाला. त्याच महिन्यात ‘फॉर ब्रिटन’ या अतिउजव्या पक्षाचे चिन्ह त्याने अमेरिकन दूरचित्रवाणीवर मिरविले होते. साहजिकच समीक्षकांचे लक्ष गाण्याइतकेच गायकाकडे वळले.

वादाच्या दृष्टीने कळीचे गीत बॉब डिलनचे आहे. मेडगर एव्हर्स या कृष्णवर्णीय नेत्याची १९६३ मध्ये मिसिसिपीत हत्या झाली. तिचा मारेकरी, एक गरीब गोरा, या गीतात राजकारण्यांच्या हातचे प्यादे ठरतो. डिलनच्या मुखी हा राजकारण्यांवरील आरोप होता. मॉरिसीच्या मुखी तेच शब्द मारेकऱ्याची तरफदारी भासू शकतात.

व्यंग्यार्थाच्या हेतूंत मम्मटाने वक्त्याला प्रथम स्थान दिले आहे. म्हणून ‘गाणे पाहावे, गायक पाहू नये’ हा बचाव येथे टिकत नाही. परंतु त्याच गणनेत ‘काकु’, म्हणजे ध्वनिविकार, हाही हेतू आहे. पक्षचिन्ह पाहून निकाल देणारी, पण स्वर कोठे चढतो, कोठे विरतो हे न तपासणारी समीक्षा निवाडा करते. अर्थनिर्णय करीत नाही.