मॅथ्यू हेल यांचा संशय आणि आपलं न्यायवैद्यक

जामच्या चौरस्त्यावरून एक रस्ता नागपूरला जातो, दुसरा वरोऱ्यावरून चंद्रपूरकडे. आज ज्या खटल्याकडे आम्हाला यायचं आहे, तो तत्कालीन चंद्रपूर जिल्ह्यात घडला आणि नागपूरच्या खंडपीठापुढे गेला. पण सुरुवात इंग्लंडपासून करावी लागेल.

सर मॅथ्यू हेल (1609–1676) हे तिथले मोठे न्यायाधीश. फौजदारी कायद्यावरचा त्यांचा ग्रंथ 1736 मध्ये, म्हणजे मृत्यूनंतर, छापला गेला. वेडाचे पूर्ण आणि आंशिक असे भेद करून गुन्ह्याची जबाबदारी ठरवणं, हे त्यांचं न्यायवैद्यकाला मोलाचं देणं. त्याच ग्रंथात त्यांनी एक इशाराही दिला: बलात्काराचा आरोप करणं सोपं, सिद्ध करणं अवघड, आणि निर्दोष माणसाला तो खोडून काढणं त्याहून अवघड.

आम्ही जन्मभर तत्त्वज्ञान शिकवलं. संशयाशी आमचं भांडण नाही. आमचा प्रश्न एवढाच, की हेल यांनी तो सगळीकडे सारखा घेतला का?

1662 मध्ये बरी सेंट एडमंड्स इथे दोन विधवांवर चेटकाचा खटला त्यांच्यापुढे चालला. मुलींना येणारे झटके रोगाचे खरे, पण सैतानाने ते वाढवले, असं मत डॉ. टॉमस ब्राऊन यांनी दिलं. एका मुलीचे डोळे झाकून भलत्याच बाईचा स्पर्श करवला, तरी ती तशीच दचकली! सोंग उघडं पडलं होतं. तरीही दोघींना फाशी झाली. जिथे संशय हवा होता, तिथे तो नव्हता.

आता 1972. देसाईगंजच्या पोलीस ठाण्यात एका आदिवासी मुलीवर बलात्कार झाल्याची तक्रार. हेच मथुरा प्रकरण. तपासणीत अंगावर जखम आढळली नाही, जुन्या शरीरसंबंधाच्या खुणा आढळल्या. नागपूर खंडपीठाने मुकाट सोसणं म्हणजे संमती नव्हे, हे ओळखून पोलिसांना दोषी ठरवलं. सर्वोच्च न्यायालयाने जखम नाही यावर भर देत त्यांना सोडलं. 1979 मध्ये वसुधा धागमवार, उपेंद्र बक्षी, लतिका सरकार आणि रघुनाथ केळकर यांनी न्यायालयाला खुलं पत्र लिहिलं. 1983 मध्ये कायदा बदलला.

पण तपासणीच्या खोलीतला संशय काही गेला नाही. 2010 मध्ये आपल्या सेवाग्रामच्या डॉ. इंद्रजित खांडेकरांनी अशा तपासण्यांच्या दर्जावर अहवाल लिहिला, तो विषय नागपूर खंडपीठापुढे गेला. ‘दोन बोटांची चाचणी’ सर्वोच्च न्यायालयाने 2013 मध्ये नाकारली. ती करणं गैरवर्तन ठरेल, हे मात्र 2022 मध्ये सांगावं लागलं.

जखम सापडली नाही, हे वैद्यकाचं निरीक्षण. संमती होती, हा त्यावरून काढलेला निष्कर्ष, आणि तो तर्काला धरून नाही. शरीर सांगतं तेवढंच डॉक्टरांनी लिहावं. बाईचं म्हणणं ऐकणं हे न्यायालयाचं काम. ते स्टेथोस्कोपवर ढकलता येत नाही.

हेल यांच्याकडून संशय जरूर शिकू या. फक्त त्याची सुरुवात स्वतःच्या समजुतींपासून करू या, एवढंच आमचं मागणं.