कीर्तनात अर्थ हा पुरुषार्थ कुठे राहतो?

माउली, कापूस घरात आला आणि तूर काढणीला आली की अमरावती-अकोल्याकडच्या गावांत सप्ताहाचे मांडव पडतात. सात दिवसांत एखाद्या रात्री तरी निरूपण चार पुरुषार्थांवर येतेच. आपण ते इतक्यांदा ऐकले आहे की त्याची चालही पाठ झाली आहे. धर्म ही पहिली पायरी, अर्थ दुसरी, काम तिसरी आणि सर्वांत वर मोक्ष. धर्मावर पाऊण तास, मोक्षावर तेवढाच वेळ. मधल्या दोन पायऱ्या मात्र बुवा उडी मारून ओलांडतात. पैसा माती, विषय म्हणजे विष, की झाले. गळा गोड असतो, मृदंग साथीला असतो, म्हणून ही उडी आपल्या ध्यानात येत नाही.

मुळात ही शिडी वारकऱ्याची नव्हे. बाराव्या अध्यायात ज्ञानेश्वर महाराज भक्ताचे वर्णन करतात तिथे मोक्ष शेवटी मिळायचा राहिलेला नाही. तो चौथा पुरुषार्थ भक्ताच्या हातात आहे, आणि तो जगाला देत देत भक्त आपल्या वाटेने निघाला आहे. भक्ती हा पाचवा पुरुषार्थ म्हणतात तो असा. हे ज्यांनी आयुष्यभर मांडले ते प्रज्ञाचक्षू गुलाबराव महाराज आपल्याच जिल्ह्यातले. 1881 साली लोणी टाकळीला जन्म, तान्हेपणीच दृष्टी गेलेली, माधानला वास्तव्य आणि चौतीस वर्षांचे आयुष्य. तेवढ्यात केवढी ग्रंथसंपदा! स्वतःला ते ज्ञानेश्वरांची कन्या म्हणवीत. मोक्षाच्याही पुढे प्रेम आहे, असे त्यांचे सांगणे.

मग ज्याच्या हाती मोक्ष आला, त्याला अर्थाचा तिटकारा कशाला? या तिटकाऱ्याची किंमत बुवांना मोजावी लागत नाही. ती मोजतो मांडवात मागे बसलेला शेतकरी. त्याच्या डोक्यावर बँकेचे पीककर्ज आहे, शिवाय मुलीच्या लग्नाचे आणि बापाच्या तेरवीचे हातउसने. पैसा माती आहे, हे त्याला सांगून काय उपयोग? त्याला विचारायचे असते की तेरवीला गाव जेवू घातले नाही, तर बापाला गती मिळेल ना? हा प्रश्न अर्थाचा आहे आणि धर्माचाही. धर्म हा अर्थ-कामाला घातलेला बांध, असे म्हणतात ते खरेच. पण बांध शेताला असतो. शेत सोडून नुसता बांध कोणी पेरीत नाही.

राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांनी हे ओळखले होते. ग्रामगीतेच्या एकेचाळीस अध्यायांची नुसती अनुक्रमणिका वाचून पाहा. आरंभी देवदर्शन, मग धर्माध्ययन, आश्रमधर्म, संसार-परमार्थ. पुढे ग्रामशुद्धी, ग्रामआरोग्य, गरिबी-श्रीमंती, श्रमसंपत्ती, वैवाहिक जीवन, अंत्यसंस्कार. भूवैकुंठ येते ते पार शेवटाकडे. ज्या लग्नात आणि तेरवीत घरे बुडतात, त्यांना या ग्रंथात स्वतंत्र अध्याय आहेत. आपल्याकडे ग्रामगीतेचे पारायण होते. निरूपणात मात्र हे अध्याय क्वचितच निघतात.

आणि गाडगेबाबा. 1876 साली शेंडगावला जन्मलेला हा परटाचा पोर मूर्तिजापूर तालुक्यात, दापुऱ्याला मामाकडे वाढला. बाप दारूपायी गेला होता. मामाची जमीन सावकाराच्या घशात जाताना त्याने पाहिली. अर्थ म्हणजे काय, हे त्याला पोथीतून शिकावे लागले नाही. म्हणून मुलीच्या बारशाला, जातीची रीत मोडून, त्याने दारू-मटणाऐवजी गोडाचे जेवण घातले. पुढे 1905 साली घर सोडले, पण संसारी माणसाच्या पैशाचा विचार सोडला नाही. बाबांच्या कीर्तनात ते प्रश्न विचारीत आणि लोक उत्तर देत, तेही साध्या वऱ्हाडीत. कर्ज काढून सण करू नका, लग्नात उधळू नका, देवाला बकरे कापू नका, पोरांना शाळेत घाला. हे सगळे अर्थ या पुरुषार्थाचेच निरूपण होते. फक्त बाबांनी त्याला ते नाव दिले नाही.

स्वतःच्या अंगावर चिंध्या, हातात खापराचे गाडगे, आणि हातून पैसा गेला तो लाखांनी. त्यातून पंढरपूर, नाशिक, देहू, आळंदी इथे धर्मशाळा उभ्या राहिल्या. आपण वारीला जाऊन जिथे पाठ टेकतो, तो अर्थच आहे. पैसा माती असता, तर चोखामेळ्याच्या नावाने पंढरपुरात धर्मशाळा कशी उभी राहिली असती? त्या वास्तूंत बाबांनी स्वतःच्या बायकामुलांसाठी मात्र काही राखून ठेवले नाही. चौथा पुरुषार्थ हाती घेऊन जगाला देत जाणारा भक्त कसा दिसत असेल, असा प्रश्न पडला तर मला बाबा दिसतात. बुवांचे लाडके दृष्टांत पुराणातले असतात, त्याला हरकत नाही. पण अमरावतीत समाधी असलेला हा दृष्टांत पायी जाण्याच्या अंतरावर आहे.

बाबांच्या सेवेची सुरुवात झाली ती पूर्णेकाठच्या ऋणमोचनला. पौषातल्या रविवारी तिथे यात्रा भरते आणि लोक नदीत बुडी मारतात. गावाच्या नावातच कर्जाची सुटका आहे. यंदा त्या वाटेवर कुठे सप्ताह लागला आणि बुवांनी चार पुरुषार्थ काढले, तर कीर्तन संपल्यावर, पाया पडून, एवढे विचारा : महाराज, तेरवीचे कर्ज यातल्या कोणत्या पुरुषार्थात बसते?