गाड्या भागिले चार्जर: माझी चूक, धोरणाची मर्यादा

महाराष्ट्राचं 2021 चं इलेक्ट्रिक वाहन धोरण अभ्यासाला घेणार असाल, तर त्यातल्या दोन उद्दिष्टांपाशी जरा थांबा. पहिलं, 2025 पर्यंत नव्या वाहननोंदणीत 10 टक्के वाटा इलेक्ट्रिकचा. दुसरं, सात शहरी भागांत मिळून 2,375 सार्वजनिक चार्जिंग केंद्रं: मुंबईला 1,500, पुण्याला 500 आणि सोलापूरला 20.

पहिल्या वर्षी सिनॉप्सिस लिहिताना मी सरळ भागाकार केला. जिल्ह्यातल्या ई-गाड्या भागिले चार्जर. गाइडनी एवढंच विचारलं, "यातल्या किती गाड्या त्या चार्जरवर येतात?" माझ्याकडे उत्तर नव्हतं.

ते सापडलं केममध्ये. करमाळा तालुक्यातलं, कुंकवासाठी प्रसिद्ध असलेलं हे गाव माझं आजोळ. इथली ई-स्कूटर रात्री घरच्या सॉकेटवर चार्ज होते. मोटारींच्या सीसीएस-2 फास्ट चार्जरचा तिला उपयोग नाही, पण माझ्या भागाकारात ती होती. उलट, दिवाळीला पुण्याहून येणारी मोटार पुण्यात नोंदलेली. ती पुणे-सोलापूर महामार्गावर चार्ज होते, पण माझ्या आकड्यात कुठेच नव्हती. 'वाहन' पोर्टलवर गाडीची नोंद कुठल्या आरटीओत झाली ते कळतं. ती फिरते कुठे, हे कळत नाही.

आता वापराचं बघा. 30 किलोवॉटचा चार्जर दिवसभर चालला तर 720 युनिट देईल. समजा 72 युनिट गेले, तर वापर 10 टक्के. तुम्ही लिहाल, 'चार्जर रिकामा असतो.' पण ते 72 युनिट पूर्ण क्षमतेने अडीच तासांतही संपतात. सणाच्या संध्याकाळी ते सगळे एकदमच लागले, तर रांग लागणारच. सरासरीत ती रांग दिसत नाही.

धोरणाला श्रेय द्यायला हवं. चार्जिंगचं उद्दिष्ट त्याने शहरवार, आकड्यात मांडलं, म्हणून तर ते तपासता येतं. 2025 च्या धोरणात राष्ट्रीय महामार्गांवर दर 25 किलोमीटरला चार्जिंगची सोय धरली आहे. केंद्रांच्या संख्येपेक्षा अंतराचा हा निकष प्रवाशाच्या जास्त जवळचा. तरी दोन्हीकडे मोजली जाते ती सोय. ती किती वेळ चालू होती आणि किती जणांना थांबावं लागलं, हे मोजायचं राहतंच.

म्हणून मालकी आणि फास्ट चार्जिंग एकाच आलेखावर चढवण्याआधी डेटात तीन गोष्टी शोधा: गाडीचा प्रकार, चार्जिंगची जागा आणि तास. त्या नसतील तर निष्कर्ष तेवढाच आखडता घ्या.

मामांना कुंकवाची पोती पंढरपूर-तुळजापूरला न्यायला इलेक्ट्रिक टेम्पो घ्यायचा आहे. मी त्यांना माझं गुणोत्तर दाखवलं. ते म्हणाले, "ते ठीक आहे रे. पण मी पोचेन तेव्हा तिथं लाइट असेल का, ते सांग."

सिनॉप्सिस मी पुन्हा लिहिला. सुरुवात या प्रश्नापासून केली.