सरकानि शाक्य आणि पाचवे शिक्षापद

पंचशीलातील पाचवे शिक्षापद आपल्या समाजात जितके उच्चारले जाते, तितके ते अभ्यासले जात नाही. विहारातील वंदनेत, मंगलकार्यात, जयंतीच्या सभेत सुरा व मेरय यांपासून विरत राहण्याचा पाठ होतो. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूर येथे परमपूज्य डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी दिलेल्या बावीस प्रतिज्ञांतही मद्यपान न करण्याची प्रतिज्ञा आहे. परंतु ज्याने प्रतिज्ञा घेतली आणि ज्याच्या हातून ती मोडली, त्या उपासकाचे धम्मात स्थान कोणते, हा प्रश्न आपल्या प्रवचनांत क्वचितच येतो. संयुत्तनिकायाच्या सोतापत्तिसंयुत्तात या प्रश्नाला थेट भिडणारी दोन सुत्ते आहेत. ती सरकानि नावाच्या शाक्याविषयी असून ब्रह्मदेशी पाठात त्याचे नाव 'सरणानि' असे येते. या सुत्तांची चिकित्सा करणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

प्रसंग कपिलवस्तूचा आहे. सरकानि कालवश झाला आणि तो सोतापन्न होता, असे भगवंतांनी सांगितले. हे ऐकून शाक्य कुरकुरू लागले. सरकानि शिक्षेत दुर्बल होता, तो मद्य पीत असे; तोही सोतापन्न ठरत असेल, तर मग कोण ठरणार नाही, असा त्यांचा उपहास होता. महानाम शाक्याने ही कुरकुर भगवंतांच्या कानावर घातली. भगवंतांनी सरकानिचे मद्यपान नाकारले नाही, त्याचे समर्थनही केले नाही. जो उपासक दीर्घकाळ बुद्ध, धम्म आणि संघ यांना शरण गेलेला आहे तो दुर्गतीला कसा जाईल, असा त्यांनी उलट प्रश्न केला. पुढे श्रद्धा व प्रज्ञा यांच्या कमीअधिक प्रमाणानुसार साधकांच्या पायऱ्या सांगून ते म्हणतात की, समोरच्या सालवृक्षांना सुभाषित आणि दुर्भाषित यांतील भेद कळता, तर त्यांनाही आपण सोतापन्न म्हटले असते. मग सरकानिचे काय? त्याने तर मरणकाळी शिक्षा स्वीकारली होती.

दोन्ही सुत्तांची चौकट एकच असली, तरी पाठभेद महत्त्वाचा आहे. पहिल्यात शाक्यांच्या आरोपात मद्यपानाचा स्पष्ट उल्लेख आहे. दुसऱ्यात तो नाही, तेथे सरकानि शिक्षा पूर्ण न करणारा होता एवढेच म्हटले आहे. दुसऱ्याचा शेवटही त्याने मरणकाळी शिक्षा पूर्ण केली, असा होतो. आमच्या मते पहिला पाठ अधिक मोलाचा आहे. त्यात दोष नावानिशी सांगितला आहे आणि उत्तरही त्या दोषाला दिलेले आहे.

या पाठातील दोन शब्दांकडे वाचकांचे लक्ष वेधावयाचे आहे. पहिला 'सिक्खादुब्बल्य'. सरकानिच्या वर्तनाला येथे पाप किंवा भ्रष्टता म्हटलेले नाही, दुर्बलता म्हटले आहे. आणि हा शब्द टीकाकार शाक्यांच्याच तोंडी आहे. दुसरा शब्द 'समादियि', म्हणजे त्याने स्वीकारली. पंचशील ग्रहण करताना आपण जे 'समादियामि' म्हणतो, त्याच क्रियापदाचे हे रूप आहे. शील ही बाहेरून लादलेली आज्ञा नव्हे; ती स्वतःहून उचललेली शिक्षा आहे. म्हणूनच ती हातून पडली, तर पुन्हा उचलता येते. आपण वंदना रोज करतो, ती याचसाठी.

यावर एक आक्षेप संभवतो. हे सुत्त मद्यप्याला सबब पुरवीत नाही काय? आमच्या मते नाही. मरणकाळापर्यंत थांबावे, असे ते कोठेही सुचवीत नाही. दीघनिकायातील सिगालोवाद सुत्तात धननाश, कलह, रोग, अपकीर्ती, निर्लज्जता व बुद्धिमांद्य असे मद्यपानाचे सहा दुष्परिणाम सांगितले आहेत. ते बाजूला ठेवून सरकानि वाचणे अप्रामाणिक ठरेल. मात्र सरकानि सुत्ताची एक मर्यादा मान्य केली पाहिजे. त्यात शाक्यांचा वाद आहे, महानामाची शंका आहे. पण सरकानिच्या घरातील कोणाचाही आवाज नाही. दारूने मोडलेल्या संसाराची झळ पत्नीला आणि मुलांना लागते. आपल्या वस्त्यांतील स्त्रिया हे सुत्त ऐकतील, तेव्हा त्या हाच प्रश्न प्रथम विचारतील आणि तो रास्त असेल.

तरीही केवळ शिक्षापद घेतल्याने व्यसन सुटते, असे समजणे धोक्याचे आहे. दीर्घकाळ भरपूर पिणाऱ्याने दारू एकाएकी थांबवली, तर कंप, झटके आणि भ्रम उद्भवतात. प्रसंगी प्राणही जातो. म्हणून पहिले काही दिवस वैद्यकीय देखरेख, योग्य औषधे व थायमिन हे जीवनसत्त्व आवश्यक असते. त्यानंतर समुपदेशन, समदुःखी व्यक्तींचा गट आणि दीर्घ पाठपुरावा. पुण्यात १९८६ साली डॉ. अनिता अवचट व अनिल अवचट यांनी सुरू केलेल्या मुक्तांगणासारख्या केंद्रांनी ही वाट महाराष्ट्राला परिचित केली आहे. उपचार घेणे म्हणजे शीलात कमी पडणे नव्हे. महावग्गाच्या भेसज्जक्खन्धकात पिलिन्दवच्छ थेरांच्या वातविकारासाठी मद्य घालून शिजवलेले तेल भगवंतांनी अनुज्ञात केले. अट एवढीच की त्यात मद्याचा रंग, गंध वा रस जाणवू नये. शरीराचा विकार शरीराच्या उपायाने हाताळावा, ही दृष्टी विनयातच आहे. त्याच महावग्गात, ज्याची शुश्रूषा सोपी असते त्या रुग्णाचे गुण सांगताना, औषध घेणे आणि आजार जसा असेल तसा सांगणे यांचा समावेश आहे. पिणे लपवणाऱ्या व्यसनीला याहून उपयुक्त उपदेश कोणता?

आणखी एक अडचण खास आपली आहे. अमेरिकेत १९३५ साली सुरू झालेल्या अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमसच्या बारा पायऱ्यांत ईश्वराचा, ज्याला तो जसा कळेल तसा, आधार घेतलेला आहे. बावीस प्रतिज्ञा घेतलेला उपासक तेथे अडखळतो. त्याने त्या सभांकडे पाठ फिरवू नये. एकमेकांच्या अनुभवाने सावरणे हे कल्याणमित्रतेहून वेगळे नाही. आपल्यापुरता आधार म्हणून त्याने त्रिशरण घ्यावे. शरण म्हणजे कृपेची याचना नव्हे. जागृतीचा आदर्श, तिचा मार्ग आणि त्या मार्गावरील सोबती यांना धरून चालणे म्हणजे शरण. सरकानिला तारणारी गोष्टही हीच होती.

आज मद्यपी उपासक लाजेने विहाराची पायरी चढत नाही आणि आपणही त्याची वाट पाहत नाही. तेथे आपण शाक्यांच्या बाजूला उभे असतो. प्रत्येक विहाराने जवळच्या उपचार केंद्राची माहिती ठेवावी, त्याच्या कुटुंबाची विचारपूस करावी आणि उपचार घेऊन परतलेल्याला पुन्हा पंचशील द्यावे. तो पुन्हा घसरला, तर पुन्हा द्यावे. 'समादियामि' हा शब्द त्याच्यासाठीही आहे.