बाणेदारपणा आणि स्वत्व : मराठीतील कुमारचित्रणाचा एक विचार

कुमारवयातील मुलाने आपले म्हणणे न भिता, न चिडता आणि दुसऱ्याला न दुखविता मांडावे, या गुणाला मराठीत सर्वमान्य असा एकच शब्द नाही. ठामपणा म्हणावे तर त्यात हट्टाची छटा येते. स्पष्टवक्तेपणा म्हणावे तर तो जिभेचा गुण ठरतो, मनाचा नव्हे. आग्रह हा शब्द आपण जेवणाच्या पंक्तीकडे सोपवून मोकळे झालो आहो. उरतो बाणेदारपणा, आणि तो उच्चारताच डोळ्यांपुढे उभे राहतात ते नारायणरावाच्या खुनाबद्दल राघोबादादांना देहान्त प्रायश्चित्त सुनावणारे रामशास्त्री प्रभुणे. चौदा वर्षांचे मूल या शब्दात मावत नाही. उलटपक्षी आत्मसन्मानासाठी शब्दांची चंगळ आहे : स्वाभिमान, स्वत्व, आत्मगौरव, अस्मिता, मानीपणा. जी भाषा मनातल्या सन्मानाला पाच नावे देते आणि त्याच्या उच्चाराला एकही नेमके नाव देत नाही, तिच्या वाङ्मयात या दोहोंचे नाते कसे रंगविले गेले असेल, हा प्रश्न आम्हांस विचार करण्याजोगा वाटतो.

हा प्रश्न केवळ शब्दकोशाचा नाही. उत्तर कन्नड जिल्ह्यातील जोयडा तालुका, म्हणजे पूर्वीचा सुपा तालुका, येथील शिक्षकापुढे तो रोज उभा राहतो. काळी नदीच्या उगमाचा हा घनदाट रानाचा मुलूख. हा जिल्हा १८६२ साली मद्रास इलाख्यातून मुंबई इलाख्यात आला आणि १९५६ साली म्हैसूर राज्यात गेला. सीमाप्रश्नात कारवार आणि हल्याळ यांच्यासह सुप्याचेही नाव घेतले जाते. पुढे काळीवर धरण झाले, जुने सुपा गाव पाण्याखाली गेले आणि तेथील कुटुंबांना रामनगरची वाट धरावी लागली. रानाच्या कडेकडेने वस्ती करून राहणारा, भाताबरोबर नाना प्रकारचे कंद पिकविणारा कुणबी समाज हा या तालुक्याचा जुना रहिवासी. त्याच्या घरात कोकणी आहे. शाळेत मात्र कोठे कन्नड, कोठे मराठी. अशा घरचा मुलगा वा मुलगी वर्गात हात वर करीत नाही, प्रश्न विचारला तर खाली पाहते, आणि शिक्षक मनाशी निदान करतात की या मुलास आत्मविश्वास नाही. हे निदान बरोबर आहे काय?

ते करणाऱ्यास दोष देण्यात अर्थ नाही, कारण हे निदान त्याला आपल्याच क्रमिक पुस्तकांनी शिकविले आहे. मराठी शाळेतला आदर्श ठाम मुलगा कोण, असे कोणालाही विचारा. शेंगांच्या टरफलांची गोष्ट सांगितली जाईल. वर्गात टरफले पडलेली, गुरुजी सर्वांनाच शिक्षा करतात, आणि लहानगा टिळक शिक्षा नाकारतो, कारण त्याने शेंगा खाल्लेल्याच नसतात. गोष्टीच्या ऐतिहासिक आधाराचा वाद येथे नको. कथा म्हणून ती उत्तमच आहे : लहान, ताठ, एका दमात सांगता येणारी. परंतु तिचा आपण काढलेला अर्थ मात्र तपासला पाहिजे. जो मानी तो बोलतो, म्हणून जो बोलत नाही तो मानी नव्हे, असे समीकरण पिढ्यान्‌पिढ्या या गोष्टीवरून रुजले. त्या मुलाच्या पाठीशी काय काय उभे होते, याचा मात्र कोणी विचार केला नाही. वडील गंगाधरपंत स्वतः शिक्षक, पुढे शिक्षणखात्यातले अधिकारी. घरी संस्कृतचा संस्कार. शाळेची भाषा ती घरची भाषा. गुरुजी रागावले तरी ते आपल्यापैकीच. अशा मुलाला नकार देताना धैर्य लागत नाही असे नव्हे. पण त्या धैर्याची किंमत त्याला परवडण्यासारखी होती, एवढे तरी मान्य करावे लागेल.

मानसशास्त्रज्ञांचे या बाबतीतले म्हणणे थोडक्यात पाहणे उपयोगी ठरेल. विल्यम जेम्स याने १८९० साली आत्मसन्मानाला अपूर्णांकाचे रूप दिले : वर यश, खाली अपेक्षा. छेद लहान केला तरी किंमत वाढते, हे त्याने आवर्जून सांगितले आहे. आमच्या संतांना ते सांगावे लागले नसते. न्यूयॉर्क राज्यातील पाच हजारांहून अधिक शाळकरी मुलामुलींची पाहणी करून मॉरिस रोझेनबर्ग याने १९६५ साली जो ग्रंथ प्रसिद्ध केला, त्यातला एक भेद फार मोलाचा आहे. आत्मसन्मान म्हणजे मी इतरांहून श्रेष्ठ ही भावना नव्हे, तर मी पुरेसा आहे ही भावना. ठामपणाचा विचार मात्र निराळ्याच दाराने आला. अँड्र्यू सॉल्टर याने १९४९ साली आणि पुढे जोसेफ वोल्पे याने दबलेल्या रुग्णांच्या उपचारासाठी तो मांडला. म्हणजे त्यांच्या लेखी ती शिकविता येणारी वागणूक होती, जन्माबरोबर आलेले शील नव्हे. नंतर या दोन गोष्टींची सांगड घालून मुलांचा आत्मसन्मान वाढवा म्हणजे सर्व काही साधेल अशी एक लाटच अमेरिकेत आली. कॅलिफोर्निया राज्याने तर १९८६ साली त्यासाठी समिती नेमली. रॉय बाउमाइस्टर आणि त्याचे सहकारी यांनी २००३ साली सर्व संशोधनाचा आढावा घेतला, तेव्हा आत्मसन्मान वाढल्याने अभ्यास सुधारतो असे दिसून आले नाही. मात्र स्वतःबद्दल बरे मत असलेली माणसे चारचौघांत तोंड उघडण्यास अधिक तयार असतात, एवढे आढळले. म्हणजे नाते आहे. पण बोलणे हाच त्या सन्मानाचा एकमेव पुरावा, असे त्यावरून निघत नाही.

आता वाङ्मयाकडे वळू. साने गुरुजींच्या १९३५ साली प्रसिद्ध झालेल्या ‘श्यामची आई’त ‘स्वाभिमान-रक्षण’ नावाचे एक प्रकरणच आहे. मुलाने घरी आणलेली दक्षिणा आईला रुचत नाही. आपण घेणारे नव्हे, देणारे, ही तिची शिकवण. त्या घरात दारिद्र्य शिरलेले आहे हे ध्यानात घेतले म्हणजे या प्रसंगाचे तेज कळते. परंतु हा सन्मान आईच्या ठिकाणी आहे. श्याम तो आज्ञा म्हणून स्वीकारतो. पोहण्यास भिणाऱ्या श्यामला आई मारून विहिरीवर धाडते, तेव्हाही मुलाने भित्रा म्हणवून घेऊ नये ही तळमळ तिची आहे. श्याम रडतो, शिकतो, कृतज्ञ होतो. आईशी त्याचा मतभेद असा टिकतच नाही. या पुस्तकाची थोरवी आम्हांस मान्य आहे. पण स्वाभिमान रक्षण करावयाचा तो जगापुढे, आणि वडीलधाऱ्यांपुढे मात्र विरघळून जावयाचे, ही जी मराठी घराची रीत, तिचे हे सर्वांत प्रेमळ रूप होय. मिलिंद बोकीलांच्या ‘शाळा’ (२००४) या कादंबरीतील नववीतला मुकुंद जोशी हा त्यानंतरच्या काळातला मुलगा. वडीलधाऱ्यांची सत्ता तो मनातल्या मनात खिल्लीने झुगारतो आणि वर्तनात सांभाळतो. आणीबाणीची पार्श्वभूमी त्या मौनाला जो अर्थ देते तो लेखकाने कोठेही ओरडून सांगितलेला नाही, हे त्यांचे यश.

परंतु जोयड्याच्या शिक्षकाने प्रथम हाती घ्यावे असे पुस्तक कोणते म्हणाल, तर आम्ही प्रकाश नारायण संत (१९३७–२००३) यांच्या लंपनच्या कथांकडे बोट दाखवू : ‘वनवास’, ‘शारदा संगीत’, ‘पंखा’, ‘झुंबर’. हा मुलगा सीमाभागातलाच आहे. आईवडिलांपासून दूर, आजीआजोबांकडे वाढणारा. मराठीत कन्नडची ये-जा असलेल्या गावात हिंडणारा. सुमीपुढे त्याची जीभ जड होते. वडील मंडळींच्या प्रश्नांना तो धड उत्तरे देत नाही. शेंगांच्या गोष्टीचे माप लावले तर हे मूल नापासच. आणि तरीही मराठी कथेत इतके भरलेले मन दुसऱ्या कोणत्या मुलाचे आहे? तो पाहतो, ऐकतो, मोजतो. त्याचे ते अतिशयोक्त आकडे, आपल्या डोक्याला मॅड म्हणण्याची त्याची लकब, हे सारे स्वतःशी मैत्री असलेल्या मुलाचे लक्षण आहे. स्वतःला हसणे आणि स्वतःला तुच्छ लेखणे यांतला फरक संतांनी जितक्या हळुवारपणे दाखविला आहे तितका क्वचितच कोणी दाखविला असेल. लंपन कमी बोलतो याचे कारण त्याला आपण उणे वाटतो हे नव्हे. आत इतके चाललेले असते की बाहेर काढावयाचे कोणते, हेच त्याला सुचत नाही. काही टीकाकार या कथांना स्मृतिरंजन म्हणतात. आम्हांस ते पटत नाही. स्मृतिरंजनात मूल गोड असते. लंपन अनेकदा एकटा आहे.

अर्थात लंपनच्याही घरात पुस्तके आहेत, गाणे आहे, त्याचे ऐकून घेणारे आजोबा आहेत. जेथे घराबाहेर पाऊल टाकताच हीनपणाचा शिक्का बसतो, तेथील मुलाची गोष्ट आत्मकथनांनी सांगितली. लक्ष्मण माने यांच्या ‘उपरा’ (१९८०) मधील कैकाड्याचा मुलगा शाळेत जातो तो टिंगलीच्या वर्षावात. त्याच्या गप्प बसण्याला संकोच म्हणणे हे शब्दाचा अपमान करण्यासारखे आहे. ती जगण्याची युक्ती आहे.

आणि येथेच आम्हांस मराठी गद्यातल्या एका जुन्या लेखाची आठवण देणे अगत्याचे वाटते. १८५५ साली ‘ज्ञानोदय’ पत्रात मांग-महारांच्या दुःखाविषयीचा एक निबंध दोन भागांत छापला गेला. लिहिणारी मुक्ता साळवे, जोतीराव फुल्यांच्या पुण्यातील शाळेतली विद्यार्थिनी, वय १४ च्या सुमारास, शिक्षण जेमतेम तीन वर्षांचे. वेदांवर ज्यांनी एकट्याचा अधिकार सांगितला त्यांना ती विचारते की मग आम्हांला ग्रंथ कोणता, आणि ग्रंथ नसेल तर धर्म कोणता? इमारतींच्या पायात आपल्या लोकांना गाडल्याचे ती सांगते. उघड्यावर बाळंत होणाऱ्या बायांचे हाल सांगते. सूर आर्त आहे, पण तर्क कोठेही सुटत नाही. तर्काची ही शिस्त आमच्या आजच्या कित्येक संपादकीयांना हेवा वाटावा अशी आहे.

या मुलीला आधी आत्मसन्मान लाभला आणि मग ती बोलली, असे कोणाला म्हणता येईल काय? समाजाने तिला सन्मानाचा एकही कण दिलेला नव्हता. आमच्या मते क्रम उलटा, किंवा खरे म्हणजे गुंफलेला आहे. शाळेत तिला कोणीतरी विचारले, तिचे ऐकले, तिचे लिहिणे छापण्याच्या योग्यतेचे मानले. त्या ऐकण्यातून बोलणे, बोलण्यातून स्वतःची किंमत, आणि किंमत कळल्यावर अधिक तीक्ष्ण बोलणे. टरफलांच्या गोष्टीत ऐकणारा कोणी नाही, फक्त बोलणारा आहे; म्हणून ती नमुना म्हणून अपुरी पडते.

जोयड्याच्या मुलाची अडचण या दृष्टीने पाहिली तर वेगळीच दिसू लागते. गोव्यातील कुणब्यांना २००३ साली अनुसूचित जमातींत स्थान मिळाले. सीमेच्या या बाजूच्या त्यांच्याच भाऊबंदांना तेच मागत वर्षानुवर्षे अर्ज करावे लागले. म्हणजे ठामपणा या घरांना अपरिचित नाही; तो सामुदायिक आहे, आणि चिकाटीचा आहे. एकट्याने उठून बोलणे मात्र तेथे मर्यादा सोडल्यासारखे वाटू शकते. त्यात भाषेची गोष्ट अधिक नाजूक. कोकणीला साहित्य अकादमीने १९७५ साली स्वतंत्र साहित्यभाषा म्हणून मान्यता दिली, १९९२ साली तिचा घटनेच्या आठव्या अनुसूचीत समावेश झाला. तरीही मराठीच्या अभिमान्यांत तिला मराठीची अशुद्ध बोली म्हणणारे आजही आहेत. सीमेवरचे कन्नड आणि मराठी अभिमानी एकमेकांशी भांडतात ते ज्या मुलाच्या नावाने, त्याची घरची भाषा त्या दोन्हींपैकी एकही नसते. त्याच्या पहिल्याच वाक्यावर लाल शाई फिरविणाऱ्या शिक्षकाने नंतर त्याला धीटपणाचे धडे द्यावेत, यासारखी विसंगती नाही. त्या मुलाला किती कंदांची नावे येतात, कोणता कोणत्या जमिनीत धरतो, हे त्याला त्याच्याच शब्दांत वर्गात सांगू दिले तर तो खाली पाहील असे आम्हांस वाटत नाही.

मुक्ताबाईंचा निबंध अशा वर्गात वाचून दाखवावा. लांबीने तो फार नाही, आणि भाषा जुनी असली तरी दुर्बोध नाही. वाचून झाल्यावर एखादी मुलगी विचारील की या मुलीने पुढे आणखी काय लिहिले. त्या निबंधानंतरचे त्यांचे एकही लेखन उपलब्ध नाही.