तूप-रोटी, पोळी-शिकरण आणि पेज

मराठी बालगीतातले घर बहुधा जेवायला बसलेले असते. चांदोबाला तूप-रोटीचे आमंत्रण देणारे पारंपरिक गाणे घ्या, किंवा ग. दि. माडगूळकरांचे मामाच्या गावी निघालेल्या आगगाडीचे गाणे घ्या. एकात तूप आहे, दुसऱ्यात रोजची पोळी-शिकरण. रंगीत चित्रांसह ही गाणी पुन्हा पुन्हा छापली जातात, अंगणवाडीत पाठ होतात. त्यांच्या गोडव्याबद्दल वाद नाही. प्रश्न एवढाच की, ही रोटी कोणाच्या घरची?

पारंपरिक गाण्यात तुपात माशी पडते आणि चांदोबा उपाशी राहतो. यात गंमत आहे, पाहुणा उपाशी गेल्याची चुटपूटही आहे. परंतु माशी पडली म्हणून अन्न वाया जाऊ देणे भरल्या घरालाच परवडते. माडगूळकरांच्या गाण्यात मामीचे सुगरणपण आहे, चुलीपुढचा तिचा घाम नाही. सुगरणीला शिकरणाचे यमक मिळाले. तिच्या श्रमाला ते मिळाले नाही.

आमचा गोंदिया जिल्हा धानाचा. मजुराच्या घरी रोजचे अन्न भात आणि पेज. रोवणीच्या दिवसांत माझी आई पहाटेच बांधीवर जाई. थोरली बहीण आम्हा धाकट्यांना वाढी. अशी घरे आजही आहेत. हे कुटुंब नव्हे काय? मग चित्रातली आई चुलीपाशीच का बसलेली असते? ती गुडघाभर चिखलात का दिसत नाही?

भाकरीला आमच्याकडे आणखी एक इतिहास आहे. दारोदार मागून आणलेली भाकर हा महारवाड्याचा हक्क मानला जाई आणि तोच त्याचा अपमानही होता. मार्च १९२७ मध्ये महाडला बाबासाहेबांनी उष्टे-शिळे टाकून स्वाभिमानाने जगण्याची हाक दिली, ती या भाकरीविरुद्धच होती. दया पवारांच्या 'बलुतं'मध्ये (१९७८) आणि बेबी कांबळे यांच्या 'जिणं आमुचं'मध्ये (१९८६) ही भूक आणि हा अपमान शब्दबद्ध झाला. मोठ्यांच्या साहित्यात जे आले, ते मुलांच्या पुस्तकात क्वचितच उतरले.

कोणी म्हणेल, कोवळ्या मनाला हे दुःख कशाला? पण उपाशी चांदोबा तर परंपरेनेच मुलांपुढे ठेवला आहे! मुलांना भूक कळते. ती कोणाच्या वाट्याला येते आणि का, एवढेच आपण त्यांच्यापासून लपवतो.

तथापि यमकात घोषणा कोंबून दलित बालकविता होणार नाही. लय हवी, खोडकरपणा हवा, पेजेच्या वाफेचा वासही हवा. विषय तर समोरच आहे. १९९५ पासून शाळेत पोषण आहाराची योजना आली. २००१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने शिजवलेले अन्न देण्याचा आदेश दिला. सर्व जातींची मुले एका पंगतीत बसून खिचडी खातात, हे केवढे मोठे चित्र! आणि २०२१ मध्ये उत्तराखंडातील चंपावत जिल्ह्यात दलित स्वयंपाकिणीच्या हातचे जेवण सवर्ण मुलांनी नाकारले, हेही त्याच चित्राचे दुसरे अंग आहे.

शिक्षक मित्रांनी एक करावे. 'तुमच्या घरी आज कोणी रांधले, कोण शेवटी जेवले?' एवढे मुलांना विचारावे आणि त्यांच्याच बोलीत त्याचे गाणे जुळवू द्यावे. चांदोबाला पेजेचे आमंत्रण गेले, तर तो यायला नाही म्हणेल असे मला वाटत नाही.