‘डॉ. स्टोन’ बघून संशोधनात यायचं म्हणताय? मग हे परीक्षण तुमच्यासाठी

गेल्या महिन्यात शिरोळला घरी गेले होते. गल्लीतला एक पोरगा, बी.एस्सी. केमिस्ट्रीच्या शेवटच्या वर्षाला आहे, सकाळीच दारात हजर. “ताई, मला पण रिसर्चच करायचाय. सेनकूसारखा.” ‘डॉ. स्टोन’ या ॲनिमेवर त्यानं चार पानांचं परीक्षण लिहिलं होतं. दहापैकी दहा गुण. “वाच की, आणि कसं झालंय सांग,” म्हणाला.

वाचलं. पोरानं मेहनत घेतली होती. कोणत्या भागात कोणती रासायनिक क्रिया येते, ती खरी आहे का, समीकरण काय, सगळं तपासलं होतं. एवढ्या बारकाईनं मी एम.एस्सी.ला असताना एकही शोधनिबंध वाचला नव्हता. तरी वाचून झाल्यावर काहीतरी राहून गेल्यासारखं वाटलं. काय राहिलं ते शोधायला मी मालिका पुन्हा बघितली. हा लेख म्हणजे त्याला दिलेलं उत्तर. तुमच्यापैकी बरेच जण पीएचडीच्या तयारीत आहात, म्हणून सगळ्यांसाठीच लिहिते. कथानक थोडं फुटणार आहे, आधीच सांगून ठेवते.

महापुरात भेटलेला सेनकू

मी ‘डॉ. स्टोन’ पहिल्यांदा बघितलं ते ऑगस्ट २०१९ मध्ये. तो महिना शिरोळ तालुक्यात कुणाला समजावून सांगायला लागत नाही. कृष्णा आणि पंचगंगा एकदम चढल्या. कोल्हापूरच्या राजाराम बंधाऱ्यावर धोक्याची पातळी ४३ फूट. त्या वर्षी पाणी ५५ फुटांच्या वर गेलं. जनावरं छावणीत आणि आम्ही जयसिंगपूरला मावशीकडे. लाइट कधी असायची, कधी नसायची. मावसभावाच्या मोबाइलमध्ये जुलैत सुरू झालेल्या या मालिकेचे पहिले पाच भाग होते. चार्जिंग पुरेल तसे आम्ही ते बघितले.

गोष्ट साधी आहे. एका क्षणात जगातली सगळी माणसं दगड होतात. सुमारे ३,७०० वर्षांनी सेनकू नावाचा शाळकरी मुलगा जागा होतो आणि दगडाच्या हत्यारापासून सुरुवात करून विज्ञानाच्या जोरावर पुन्हा सगळं उभं करायचं ठरवतो. आमच्या आजूबाजूला सगळं ठप्प झालेलं, त्यामुळे ही गोष्ट थेट आत शिरली. मावसभाऊ म्हणाला, “सेनकू असता तर दोन भागांत पाणी शुद्ध करून दिलं असतं बघ.” काका कोपऱ्यातून म्हणाले, “त्याला म्हणावं, आधी आमच्या विहिरीत उतर.”

पूर ओसरल्यावर ती विहीर आम्ही उपसली, ब्लीचिंग पावडर टाकली, नमुना तपासायला दिला, परत उपसली, परत पावडर टाकली. दोन भागांत काही झालं नाही. काकांचं ते वाक्य मला कळायला मात्र आणखी चार-पाच वर्षं गेली.

चाहते जे उत्तम करतात

मूळ मांगा रिइचिरो इनागाकी यांनी लिहिली आणि बोइची यांनी चितारली. २०१७ ते २०२२ अशी पाच वर्षं ती ‘वीकली शोनेन जंप’मध्ये चालली, एकूण २३२ प्रकरणं. मालिकेला शास्त्रीय सल्लागार होता, आणि ते दिसतं. दगड झालेल्यांना जिवंत करणारं द्रावण काल्पनिक आहे, पण त्यातले घटक खरे: नायट्रिक आम्ल आणि अल्कोहोल. धातूशास्त्र शिकलेल्यांना ‘नायटल’ माहीत असेल, पोलादाची अंतर्गत रचना बघण्यासाठी पृष्ठभागावर लावतात ते हेच. गंधकाच्या विषारी वायूंच्या ठिकाणी जाताना सेनकू चांदीचं टोक असलेला भाला बरोबर घेतो, कारण हायड्रोजन सल्फाइडनं चांदी काळी पडते. हेही खरं.

या मालिकेचे चाहते असल्या गोष्टी सोडत नाहीत. “या भट्टीत एवढं तापमान येईल का?” “शिंपल्यांपासून साबण खरंच होतो का?” यावर पानंच्या पानं वाद घालतात, प्रकरणाचा क्रमांक देऊन. चुकलं तर दुसरा लगेच पकडतो. दावा, पुरावा, संदर्भ, खंडन. आमच्या विभागातल्या कित्येक सेमिनारपेक्षा ही चर्चा शिस्तीची असते, आणि हे मी थट्टेनं म्हणत नाही. मूळ पान उघडून बघायची सवय तुम्हाला ॲनिमेमुळे लागली असेल तर ती सांभाळा, पुढे पगारासारखी उपयोगी पडते.

गुणांचं मात्र तसं नाही. मालिकेतच याचं उत्तम उदाहरण आहे. सेनकू रानटी गवताच्या दाण्यांपासून रामेन करतो. हे गवत म्हणजे आपल्या राळ्याचा रानातला पूर्वज. गावकरी पहिला घास घेतात आणि वेडे होतात. सेनकूला तीच रामेन रखरखीत आणि कडवट लागते. वाटी एकच, पण गावकऱ्यांनी त्याआधी रामेन कधी खाल्लीच नव्हती. “दहापैकी दहा” वाचताना मी आता पहिला प्रश्न हा विचारते: या माणसानं याआधी काय काय बघितलंय?

मोजणीचाही भाग आहे. समजा एका मालिकेला १० जणांनी सरासरी ९.५ दिले आणि सगळ्या मालिकांची सरासरी ७ आहे. त्या दहा मतांबरोबर सरासरीची ५० मतं धरली, तर भारित गुण येतात फक्त ७.४. तेच ५,००० जणांनी ८.५ दिले असतील तर आकडा जवळपास ८.५ च राहतो. थोड्या नमुन्यावर मोठा विश्वास ठेवू नये, एवढंच हे गणित सांगतं. तीन रीडिंगवर आलेखात सरळ रेषा ओढणाऱ्यांनीही ते लक्षात ठेवावं. मी ओढलेली आहे.

प्रश्न जो राहून गेला

त्या पोरानं आणि बहुतेक चाहत्यांनी विचारलेला प्रश्न असा: “यातलं विज्ञान बरोबर आहे का?” उत्तर: बऱ्यापैकी हो. राहून गेलेला प्रश्न असा: “हे संशोधन आहे का?”

मालिकेतला सगळ्यांचा आवडता टप्पा घ्या, सल्फा औषधाचा. गावातल्या रुरीला न्यूमोनिया आहे. सेनकू एक नकाशा काढतो: हे आम्ल, मग तो क्षार, मग ॲनिलीन, अशा बाणांनी जोडलेल्या पायऱ्या, शेवटी औषध. प्रत्येक पायरी अवघड, पण कुठे जायचं ते पहिल्या दिवसापासून माहीत.

आता खरा इतिहास बघा. सल्फानिलामाइड हा रेणू १९०८ मध्ये पॉल गेल्मो या व्हिएन्नातल्या विद्यार्थ्यानं आपल्या डॉक्टरेटच्या कामात तयार केला. त्यानं जंतू मरतात हे त्याला माहीत नव्हतं, कुणालाच नव्हतं. पुढे जर्मनीत बायर कंपनीत गेरहार्ड डोमाक रंगद्रव्यांची औषधं म्हणून चाचणी घेत होता. १९३२ मध्ये प्रोन्टोसिल नावाच्या लाल रंगानं जंतुसंसर्ग झालेले उंदीर वाचले. गंमत म्हणजे परीक्षानळीत तो रंग जंतूंना काहीच करत नव्हता. १९३५ मध्ये पॅरिसच्या पाश्चर इन्स्टिट्यूटमध्ये उलगडा झाला: शरीरात त्या रंगाचे तुकडे होतात आणि काम करतो तो त्यातला रंगहीन तुकडा. म्हणजे गेल्मोचाच जुना रेणू. औषध २७ वर्षं फळीवर पडून होतं आणि सगळे रंगाच्या मागे होते.

सेनकूच्या नकाशात ही २७ वर्षं नाहीत. असूही शकत नाहीत, कारण उत्तर त्याच्या डोक्यात आधीच आहे. तो जे करतो ते अफाट कौशल्याचं पुनर्निर्माण आहे. त्याला कमी लेखत नाही. जुनी पद्धत आपल्या प्रयोगशाळेत पुन्हा उभी करणं हाच पीएचडीच्या पहिल्या वर्षाचा निम्मा भाग असतो. पण संशोधन सुरू होतं ते नकाशा संपतो तिथून, आणि मालिका बहुतेक वेळा त्याच्या आधीच थांबते. नायटलचं प्रमाण शोधायला सेनकूला सुमारे एक वर्ष लागतं, ते पहिल्याच भागात उरकून टाकलंय.

“साप्ताहिकात वर्षभराचं अपयश कोण वाचेल?” असं तुम्ही म्हणाल. मान्य. लेखकाला दोष देत नाही. परीक्षण लिहिणाऱ्यानं मात्र कथेत काय गाळलं गेलंय ते सांगायला हवं.

माझी राख

हे एवढं का लागलं, ते सांगते. माझं काम उसाच्या चिपाडाच्या राखेवर आहे. बॉयलरमधून निघणाऱ्या राखेपासून पाण्यातला कापडाचा रंग शोषून घेणारा पदार्थ करायचा. आपल्या भागात ऊस आहे, शेजारी इचलकरंजीत कापड आहे, पंचगंगा दोघांच्या मधे. पहिल्या हंगामात सुंदर निकाल आले. दुसऱ्या हंगामात तीच कृती, तेच तापमान, तीच वेळ, आणि रंग तसाच पाण्यात. चौदा महिने मी स्वतःलाच नापास करत होते. रात्री वसतिगृहात पडल्या पडल्या वाटायचं, सेनकूला हे दोन भागांत जमलं असतं, मला डोकंच नाही. दोनदा सोडायचं ठरवलं. आईला फोनवर सांगितलंसुद्धा.

कारण सापडलं ते साधं निघालं. दुसऱ्या हंगामातल्या चिपाडाबरोबर माती जास्त आली होती आणि बॉयलरही वेगळ्या तापमानाला चालला होता. राखच वेगळी होती. सेनकूची वाळू मात्र दरवेळी तीच वाळू असते. कच्चा माल हंगामाप्रमाणे बदलतो, हे त्या जगात घडतच नाही. आता राखेतला तो फरक हाच माझ्या प्रबंधाचा एक अख्खा भाग झालाय. पण त्या चौदा महिन्यांत मी ज्याच्याशी स्वतःची तुलना करत होते, तो संशोधक नव्हताच, हे मला कुणी वेळेवर सांगितलं असतं तर बरं झालं असतं.

मग संशोधक कोण?

पुन्हा बघताना तो मला सापडला. क्रोम. गावातला पोरगा, स्वतःला जादूगार म्हणवतो. कुणी शिकवलेलं नाही. डोंगरातून दगड गोळा करतो, काय टाकल्यावर ज्योत कोणत्या रंगाची होते ते करून बघतो. मीठ पिवळं, तांबं हिरवट-निळं. का, ते माहीत नाही, पण निरीक्षण खरं आणि संग्रह नीट ठेवलेला. पुढे पाणचक्कीची कल्पना त्याला स्वतःची स्वतः सुचते, आणि सेनकू ती बघून थक्क होतो. मालिकेतल्या मोजक्या खऱ्या शोधांपैकी तो एक आहे. त्याच्या जोडीला म्हातारा कारागीर कासेकी धरा. काच फुंकायचं सेनकूला जमत नाही, त्याला जमतं. सूत्र माहीत असणं आणि हात बसणं यातला फरक मालिकेनं इथे प्रामाणिकपणे दाखवलाय.

याच्या जोडीला ‘ओर्ब’ बघा. उओतो यांची मांगा, २०२० ते २०२२. ॲनिमे २०२४-२५ मध्ये आला, २५ भाग. पंधराव्या शतकातल्या युरोपात पृथ्वी सूर्याभोवती फिरते असं मानणाऱ्यांची गोष्ट. इतिहास जाणणाऱ्या चाहत्यांनी तिच्यावर योग्य हरकत घेतली: त्या काळात या मतासाठी असा छळ झालेला नाही. कोपर्निकसचं पुस्तकच १५४३ चं, आणि चर्चनं त्यावर बंधन आणलं १६१६ मध्ये. हरकत शंभर टक्के बरोबर.

पण त्यात पियास्ट नावाचा वृद्ध आहे. आयुष्यभर पृथ्वी मध्यभागी धरून आकडे मांडत आलेला. विरुद्ध पुरावा समोर आल्यावर तो आपल्या नोंदी त्याच लोकांना खुल्या करतो, जे त्याचं आयुष्यभराचं काम खोटं ठरवणार आहेत. तो प्रसंग बघून मी लॅपटॉप बंद केला आणि बराच वेळ बसून राहिले. ‘डॉ. स्टोन’मध्ये रसायन बरोबर आहे आणि संशोधन अर्धं. ‘ओर्ब’मध्ये इतिहास चुकलाय आणि संशोधन खरं आहे. फक्त तपशील तपासणारं परीक्षण पहिलीला पास करेल, दुसरीला नापास.

तुमच्या कामाचं

तुम्ही लवकरच पूर्वसंशोधनाचा आढावा लिहाल. तिथेही आपण हेच करतो. “अमुक यांनी ९८ टक्के रंग काढला, तमुक यांनी ९५ टक्के.” गुणपत्रिका. प्रत्येक निबंधाला दोन प्रश्न विचारून बघा. एक, जे म्हटलंय ते बरोबर आहे का? दोन, काय सांगितलेलं नाही? किती वेळा फसलं, कच्चा माल कुठला, दुसऱ्या हंगामात चाललं का? पहिला प्रश्न तुम्हाला चाहत्यांच्या वादात शिकायला मिळाला. दुसरा आपला आपण शिकायचा.

पोराला हे सगळं सांगितलं. त्याचं तोंड जरा उतरलं. मग म्हणाला, “म्हणजे सेनकू बघायचा नाही?” म्हटलं, बघ की, मी तिसऱ्यांदा बघतेय. फक्त दहापैकी दहा खोड, आणि पहिल्या भागात उरकलेल्या त्या एका वर्षावर एक पान लिही. परवा त्यानं ते पान पाठवलं. मला ते आधीच्या चार पानांपेक्षा जास्त आवडलं.